संगीत नाटकाचा सिनेमा जोखताना: गळा, चेहरा आणि कट

प्रश्न असा आहे: रंगमंचावरच्या संगीत नाटकाचा किंवा म्युझिकलचा सिनेमा झाला की परीक्षणं दोनच सुरांत येतात. एक, ‘मूळ नाटकाची सर नाही’; दोन, ‘गाणी सुरेख, अभिनय ठीक’. मग नटांचं काम आणि दिग्दर्शकाचं काम नेमकं कशावर जोखायचं?

नाटकाशी इमान राखलं की नाही, हा मुद्दा आधी बाजूला ठेवा. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. रंगमंचावर पद रंगलं की नाही हे ठरवणारा समोर बसलेला असतो. गायकनट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो, दाद मिळते, वन्समोअर येतो, मग तो पुढचं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) वाढवतो किंवा आवरतं घेतो. तेच पद शनिवारी चार मिनिटांचं आणि रविवारी नऊ मिनिटांचं होऊ शकतं. सिनेमात गाण्याची लांबी, सूर, श्वास आणि गाताना आपण नेमकं कुठे बघायचं, हे सगळं महिनोन् महिने आधी ठरून गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक गाण्यापाशी विचारायचं ते एवढंच: समोरच्या प्रेक्षकाचं काम इथे कोणावर सोपवलंय? नटाच्या चेहऱ्यावर, कॅमेऱ्यावर, संकलनावर, ध्वनीवर, की पडद्यावरच्या दुसऱ्या एखाद्या पात्रावर? ज्याच्यावर सोपवलं त्याला ते पेललं का, हे सांगता आलं की निम्मं परीक्षण झालं.

आपल्याकडे याचा अभ्यास करायला ‘कट्यार काळजात घुसली’इतकं सोयीचं उदाहरण नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक 1967 चं, नाट्यसंपदेचं; संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. सिनेमा 2015 चा, दिग्दर्शक सुबोध भावे, नव्या गाण्यांना शंकर-एहसान-लॉय. अभ्यासाला सोयीचं अशासाठी, की या एकाच सिनेमात गळा आणि चेहरा यांच्या दोन तऱ्हेच्या जोड्या शेजारीशेजारी आहेत. पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत शंकर महादेवन: चेहरा त्यांचा, गळाही त्यांचाच. खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगांवकर, आवाज राहुल देशपांडे यांचा. पंडितजींचा शिष्य सदाशिव म्हणजे स्वतः सुबोध भावे, आवाज महेश काळे यांचा. कथाच गायकीची, दोन गवयांमधल्या चुरशीची असल्यामुळे इथे गाणं सजावटीला नाही. गाणं फसलं तर प्रसंगच फसतो.

आता पाहायचं कसं ते. सिनेमा आधी एकदा सलग, काहीही न टिपता पाहा. मग दोन-तीन महत्त्वाची गाणी निवडा आणि ती आवाज पूर्ण बंद करून पाहा. आवाज चालू असताना कान डोळ्यांना फसवतो. गाणं उत्तम असेल तर नटही उत्तम वाटायला लागतो. आवाज बंद केला की नटाने स्वतः काय केलंय तेवढंच उरतं. ओठ जुळतात का, हे सगळे बघतात. पण ओठ हा सगळ्यात सोपा भाग. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेच पाहिजेत, आणि एवढं सांभाळायला कोणताही कसलेला नट शिकलेला असतो. चूक पकडायची ती श्वासात. गाणारा माणूस ओळ उचलण्याआधी श्वास घेतो, छाती किंवा पोट भरतं, खांदे किंचित सैल होतात. नुसते ओठ हलवणारा नट अक्षर वेळेवर आणतो, पण त्याआधीचा श्वास विसरतो. किंवा ट्रॅकमध्ये श्वास ऐकू येतो तेव्हा याचं तोंड मिटलेलं असतं. लांब तानेनंतर, म्हणजे वेगाने घेतलेल्या सुरांच्या लडीनंतर, तर हे हमखास उघडं पडतं. आठ-दहा सेकंदांची तान संपल्यावर माणूस रिकामा झालेला असतो, पुढचा श्वास घाईने घेतो. पडद्यावरचा माणूस मात्र ताजातवाना, स्मितहास्य करत बसलेला.

दुसरी जागा गळ्याची आणि जबड्याची. द्रुत तानेत जबडा प्रत्येक सुराला हलत नाही. हालचाल आत, कंठाशी असते, आणि मानेच्या शिरा दिसतात. अननुभवी नट तानेला जबडा थरथरवतो, तिथे ओळखावं की गाणं डोक्यात आहे, अंगात नाही. म्हणूनच चांगले दिग्दर्शक प्लेबॅकवरही नटाला सेटवर मोठ्याने गायला लावतात. आवाज कसाही असो, तो वापरायचा नसतोच. पण खरोखर जोर लावला की गाल, मान आणि पोट आपोआप खरं वागतात.

तिसरी जागा हातांची. तानपुरा चार तारांचा असला तर पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तिन्ही तर्जनीने, एका संथ, अखंड चालीत छेडतात. तिचा तालाशी संबंध नसतो. सिनेमात दर दुसरा नट तानपुरा गाण्याच्या ठेक्यात वाजवतो. एवढी एक चूक शास्त्रीय गायकाची अख्खी भूमिका पोकळ करते, कारण प्रेक्षकांतल्या जाणकाराचा विश्वास तिथेच उडतो. समेवरचा हातही बघा. नट सम ‘दाखवतो’ की समेवर ‘पोचतो’? पोचणाऱ्याच्या अंगात समेच्या आधीच्या दोन मात्रांपासून ओढ दिसते. दाखवणारा समेवर अचानक जागा होतो.

या कसोट्या ‘कट्यार’ला लावल्या की काय दिसतं? शंकर महादेवन यांचं संवादांतलं काम साधं आहे, काही ठिकाणी अगदीच सपाट. पण गाताना श्वास, मान, डोळे सगळं जागच्या जागी, आणि पंडितजींची सात्त्विकता नेमकी त्या अनायासपणातून उभी राहते. अभिनयाच्या रूढ मोजमापात त्यांना कमी गुण पडतील, भूमिकेच्या मोजमापात जास्त. सचिन यांचं उलटं. खाँसाहेबांचा मत्सर, अपमान, स्वतःच्याच हुनराची घमेंड हे ते न गाताना, दुसऱ्याचं गाणं ऐकताना फार बारकाईने दाखवतात. गाताना मात्र चेहऱ्यावरचा भाव कधीकधी गळ्याच्या पुढे धावतो. सूर अजून चढतोय आणि भुवया आधीच शिखरावर. राहुल देशपांडे यांनी रंगमंचावर खाँसाहेब स्वतः केलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या आवाजातच अभिनय भरलेला आहे. अशा आवाजावर चेहऱ्याने कमी करायचं असतं. पार्श्वगायकाने नुसतं सुरेल गाऊन दिलं असेल तर चेहऱ्यावर ओझं जास्त. गायकाने भूमिकाच गाऊन दिली असेल तर नटाने मागे राहायचं. हा हिशेब परीक्षणात यायला हवा, आणि तो जवळपास कधीच येत नाही.

आवाज उसना असला की भूमिका दोघांची असते, आणि श्रेय-दोषही वाटून द्यावा लागतो. महेश काळे यांना ‘अरुणी किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो गळ्याचा पुरस्कार आहे, त्यावरून सदाशिवच्या अभिनयाबद्दल काहीच ठरत नाही. हॉलिवूडमध्ये हा घोळ जुना आहे. 1961 च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वूडने गाणी स्वतः ध्वनिमुद्रित केली होती, अखेर आवाज वापरला मार्नी निक्सनचा. तीच मार्नी निक्सन 1964 च्या ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांत आहे. त्याच सिनेमात रेक्स हॅरिसनने मात्र ट्रॅकवर ओठ हलवायला नकार दिला आणि टायमध्ये लपवलेल्या बिनतारी माइकवर सेटवरच गाणी म्हटली. दोघं एकत्र असलेल्या प्रसंगांत कान देऊन ऐका: त्याचं बोलणं कधी गाणं होतं ते कळत नाही, तिचं गाणं दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं वाटतं. यात दोष हेपबर्नचा नाही, ध्वनीच्या निर्णयाचा आहे.

संवाद आणि गाणं यांच्यातला हा सांधा तपासायला तिसऱ्यांदा गाणं ऐका, डोळे मिटून. संवाद संपून गाणं सुरू होतानाचे दोन-तीन सेकंद सगळं सांगून जातात. बोलताना मागे पाखरं, पावलं, भांडी वाजत होती, ती एकदम गप्प झाली का? बोलण्याचा आवाज अंगणातला आणि गाण्याचा आवाज स्टुडिओच्या बंद केबिनमधला आहे का? कॅमेरा वीस फूट मागे गेला तरी गळा कानाशीच राहिला का? उच्चार बदलला का? खाँसाहेबांसारख्या भूमिकेत हे फार महत्त्वाचं, कारण त्यांच्या बोलण्यात उर्दूचा लहेजा आहे. संवादात घशातून येणारा ‘ख’ आणि पदात साधा मराठी ‘ख’ आला तर एका माणसाचे दोन होतात. ‘कट्यार’मध्ये आणखी एक सांधा आहे, वाद्यमेळाचा. अभिषेकींच्या चाली ऑर्गन-तबल्याच्या साथीत वाढलेल्या, नवी गाणी मोठ्या वाद्यवृंदाची. जुनं पद संपून नवं गाणं येतं तेव्हा कथा जिथे घडते त्या विश्रामपूरच्या दरबाराचा आकार बदलल्यासारखा वाटतो का, हे ज्याने त्याने ऐकून ठरवावं. मला तो बदल ‘सूर निरागस हो’ला जाणवत नाही, कव्वालीला जाणवतो.

ओठ आणि आवाज पुढेमागे आहेत असं लिहिण्याआधी एक खबरदारी घ्या. सिनेमात सेकंदाला 24 चौकटी असतात, म्हणजे एक चौकट सुमारे 42 मिलिसेकंदांची. दोन-तीन चौकटींची चूक डोळ्याला खुपायला लागते, आणि आवाज चित्राच्या आधी आला तर लवकर खुपते. मागून आलेला आवाज आपण सहज खपवून घेतो, कारण एरवीही दूरचा आवाज उशिरानेच पोचतो. पण घरी ब्लूटूथ हेडफोन किंवा साउंडबार लावला असेल तर त्याचा स्वतःचा उशीर यापेक्षा जास्त असू शकतो. आधी एखादा साधा संवादाचा प्रसंग पाहा. तिथेही ओठ मागेपुढे असतील तर दोष तुमच्या यंत्राचा, नटाला त्याची शिक्षा नको.

सेटवर थेट गाऊन घेण्याची पद्धत आता मोठी फॅशन आहे, आणि तिच्याबद्दल भाबडेपणाही तितकाच. 2012 च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये दिग्दर्शक टॉम हूपरने नटांच्या कानात बारीक इअरपीस घातले, पियानोवादक कॅमेऱ्याबाहेर बसवला, आणि लय नटाच्या मर्जीवर सोडली; वाद्यवृंद नंतर त्या गळ्यांवर चढवला. फायदा उघड आहे. नट ओळीच्या मध्येच थांबू शकतो, हुंदका येऊ देऊ शकतो, शब्द गिळू शकतो. अ‍ॅन हॅथवेचं ‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’ जवळजवळ पूर्ण एकाच न तोडलेल्या क्लोजअपमध्ये आहे, आणि तिथे समोरच्या प्रेक्षकाचं काम त्या न तुटण्यावर सोपवलंय: आपल्याला नजर वळवायला जागाच ठेवलेली नाही. काम फत्ते, ऑस्करही मिळालं. पण तीच पद्धत रसेल क्रोच्या जाव्हेरला, म्हणजे कथेतल्या पोलीस अधिकाऱ्याला, मारक ठरली. जाव्हेरचं संगीत लांब, सरळ, न डगमगणाऱ्या ओळींचं आहे, कारण माणूसच तसा आहे, कायद्याइतका ताठ. थेट ध्वनिमुद्रणात गळ्याची प्रत्येक डुगडुग राहते. हॅथवेच्या फाँतीनला डुगडुग शोभते, कारण ती मोडत चालली आहे. जाव्हेरला ती शेवटच्या प्रसंगाआधी शोभत नाही. म्हणजे ‘क्रो बेसूर आहे’ हे अर्धवट परीक्षण झालं. पूर्ण परीक्षण असं, की जिथे भूमिकेला अढळ सूर हवा होता तिथे दिग्दर्शकाने अढळपणा न देणारी पद्धत वापरली आणि तशाच गळ्याचा नट घेतला.

आता कॅमेरा आणि संकलन. एक गाणं घ्या, स्टॉपवॉच लावा, कट मोजा. चार मिनिटांत बारा कट म्हणजे एक शॉट सरासरी वीस सेकंदांचा. ऐंशी कट म्हणजे तीन सेकंदांचा. आकडा स्वतः चांगला-वाईट नसतो. कट कुठे पडलेत ते बघा. ओळीच्या शेवटी, समेवर, नव्या विचारावर पडलेला कट गाण्याला बळ देतो. तानेच्या मधोमध, श्वासाच्या आधी किंवा नाचात पाय उचललेला असताना पडलेला कट बहुधा काहीतरी लपवतो: न जुळलेले ओठ, न जमलेली उडी, नाहीतर दोन वेगळ्या टेक. नाचाच्या गाण्यात किती शॉटमध्ये डोक्यापासून पावलांपर्यंत अख्खा माणूस दिसतो तेही मोजा. पाय दिसलेच नाहीत तर त्या नटाच्या नाचाबद्दल तुम्ही काही म्हणूच नका. तुम्ही तो पाहिलेलाच नाही. 2021 च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त ‘अमेरिका’ गाण्यात एरियाना डीबोझ भर रस्त्यावर, लांबच्या शॉटमध्ये, अख्खी दिसते, म्हणून तिच्या कामाबद्दल ठामपणे बोलता येतं.

क्लोजअपचं व्यसन हा ‘ले मिझराब्ल’चा दुसरा दोष. मूळ लंडनच्या प्रयोगात ‘वन डे मोअर’ला पहिला अंक संपतो, सगळी पात्रं एकाच रंगमंचावर असतात, प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि शेवटी ती एका लोंढ्यात पुढे चालत येतात. तिथली ताकद एका नजरेत सगळे दिसण्याची आहे. सिनेमात पात्रं शहरभर विखुरलेली, एकेक चेहरा कटने येतो. आवाज एकत्र, चित्र सुटं. अंकाच्या शेवटाची गाणी सिनेमात नेहमीच अडचणीची, कारण पडदा पडायची सोय नसते. 2024 च्या ‘विकेड’ने नाटक दोन सिनेमांत तोडलं आणि पहिल्या अंकाचा शेवट हाच सिनेमाचा शेवट केला. अडचण सुटली, पण त्या शेवटच्या गाण्याच्या मधोमध पाठलाग आणि संवाद भरल्यामुळे चढण पुन्हापुन्हा तुटली.

दाद देणाऱ्या चेहऱ्यांचे शॉट वेगळे मोजा. गाणं चालू असताना मान डोलावणारा, डोळे पुसणारा श्रोता दाखवणं हा वन्समोअरचा सगळ्यात स्वस्त पर्याय, आणि बहुतेक वेळा आळशी. माझी कसोटी अशी: ऐकणारा गाण्याच्या सुरुवातीला होता तसाच शेवटी आहे का? असेल तर तो शॉट भरतीचा. ‘कट्यार’मध्ये मात्र ऐकणं हीच कथा आहे. सदाशिव खाँसाहेबांची गायकी चोरून ऐकत शिकतो, खाँसाहेब पंडितजींना ऐकत जळतात. तिथे श्रोत्याचा चेहरा हा प्रसंगाचा गाभा ठरतो. दरबारातल्या अनामिक माना डोलणं आणि हे चेहरे यांतला फरक परीक्षणात लिहायलाच हवा.

पटकथेबद्दल एवढंच पाहा की कोणतं गाणं कुठून कुठे हललं आणि त्याने काय बदललं. 1957 च्या रंगमंचीय ‘वेस्ट साइड स्टोरी’त ‘आय फील प्रिटी’ दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, दोन खून झाल्यावर येतं. नायिका मारिया आनंदात गाते आणि प्रेक्षकाला जे माहीत आहे ते तिला माहीत नाही. 1961 च्या सिनेमाने ते आधी नेलं, गाणं नुसतं गोड झालं. 2021 च्या सिनेमाने परत खुनांनंतर ठेवलं. गाणं तेच, पण जागा बदलली की त्याचा अर्थ निराळा. ‘कट्यार’च्या सिनेमाने पंडितजींच्या पराभवाआधीची वर्षं सविस्तर दाखवली. त्यामुळे पंडितजींचं मोठेपण आपण स्वतः ऐकतो आणि खाँसाहेबांचा मत्सर टप्प्याटप्प्याने वाढताना दिसतो. बदल्यात मध्यंतरापर्यंत सदाशिव आणि पंडितजींची मुलगी उमा यांच्या वाट्याला फारशी जागा उरत नाही. हा सौदा मला पटतो, पण सौदा आहे हे नोंदवावं.

माणसं एकदम गायला का लागतात, या प्रश्नाचंही प्रत्येक सिनेमाने काहीतरी उत्तर दिलेलं असतं. बॉब फॉसीच्या 1972 च्या ‘कॅबरे’ने जवळजवळ सगळी गाणी क्लबच्या मंचावरच ठेवली, बाहेर गायलं जातं ते एकच, बिअर गार्डनमधलं, आणि म्हणून ते अंगावर येतं. 2002 च्या ‘शिकागो’ने गाणी नायिका रॉक्सीच्या कल्पनेत टाकली. ‘कट्यार’ला हा प्रश्नच पडला नाही, पात्रं गवईच आहेत. 2019 च्या ‘कॅट्स’ला उत्तर सापडलं नाही: रंगमंचावर घट्ट कपडे आणि रंगवलेला चेहरा एवढ्यावर प्रेक्षक मांजर मान्य करतो, पण संगणकाने केस न् केस खरा केल्यावर मान्य करायला काही उरतच नाही, आणि मग माणसाची बोटं खटकतात. तिथल्या नटांना दोष देणं अन्यायाचं होईल.

शेवटी, रंगमंचावरचा प्रयोग जसाच्या तसा चित्रित केलेला असेल तर यातल्या अर्ध्या कसोट्या लावू नका. ‘हॅमिल्टन’ हे ब्रॉडवेचं म्युझिकल 2016 मध्ये थिएटरात चित्रित झालं आणि 2020 मध्ये घरोघरी दिसलं. ते रूपांतर नाही. तिथे नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या बेताचा असतो, चेहराही त्याच मापाचा, आणि क्लोजअपमध्ये तो भडक दिसला तर दोष क्लोजअप घेणाऱ्याचा. नट मंचावर ज्याच्याकडे बघून गात होता तो माणूस चौकटीत ठेवला का, आणि समूहाचा आकार जिथे महत्त्वाचा तिथे कॅमेरा मागे गेला का, एवढं त्यात तपासलं तरी पुरे.